धुळीखालचा रंग

"फडकं खाली ठेव, योम!"

वॉचमन योमचा हात बॉनेटपासून वीतभर अंतरावर थबकला.

"अहो मास्तर, नुसती धूळ तर आहे. झटकली की झालं."

"नुसती धूळ घरात असते. ही सिमेंटची. फडकं फिरवलंस की पॉलिश पेपर घासल्यासारखं होईल. मग प्योबाई बोट ठेवून म्हणतील, हाच तो ओरखडा."

योमने फडकं पाठीमागे लपवलं. प्योबाईंचं नाव निघालं की सोसायटीत पुष्कळ गोष्टी पाठीमागे जात.

शेजारच्या जुन्या इमारती पाडायला घेतल्यापासून सुवॉन शहरातली ही अख्खी सोसायटी करडी झाली होती. कुणाची गाडी कुठल्या रंगाची, हे मालकालाच आठवे, तेही जरा विचार करून. अशात मंगळवारी सकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षा प्योबाईंच्या पांढऱ्या गाडीचं दार कुणीतरी चेपलं. गाडीतला कॅमेरा चालू होता. त्याने इमानेइतबारे काचेवरची धूळ टिपली.

संशय यांग मास्तरांवर आला. मास्तर गणितातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. हिवाळ्यात त्यांनी आपली गाडी फाटकाच्या खांबाला लावली होती. खांब अजून तिरका होता. मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला होता, "ह्या वेळीही तुमचीच गाडी निघाली, तर लायसन्स पोलिसांकडे जमा. मी स्वतः येऊन करणार." लायसन्स गेलं म्हणजे तळ्यावरची मासेमारी गेली. मग राहिलं काय, तर दिवसभर घर आणि घरात बायको.

शेवटी चेअरमन बांग यांनी तोडगा काढला. मास्तरांनी गाडी धुवावी आणि सगळ्यांनी मिळून बघावी. आवारात गाडी धुवायला बंदी, पण आजच्यापुरती बागेची नळी मंजूर.

मास्तरांनी आधी टपावरून पाणी सोडलं. हात लावायचा नाही, नुसतं वाहू द्यायचं. करडे ओघळ काचांवरून उतरले, दारांवरून उतरले, चाकांशी दाट होऊन थांबले.

"मंगळवारी तुम्ही गाडी काढली होती का हो?" योमने हळूच विचारलं.

"चाकं बघ. आत्ता पाणी लागेस्तोवर त्यांच्याभोवतीची धूळ मोडली होती का?"

"नव्हती."

"मग झालं तर."

मास्तरांनी भरपूर फेस चढवला आणि धुळीला सुटायला वेळ दिला. उन्हात वाळू मात्र दिला नाही. सिमेंट वाळलं की पापड्या धरतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची नर्स कामाला निघाली. तिच्या गाडीपुढे कुणाची तरी गाडी आडवी उभी होती. जागा कमी, गाड्या जास्त. आडवी लावणाऱ्याने गियर मोकळा सोडून जायचं आणि निघणाऱ्याने ढकलून वाट करायची, ही इथली रीत. नर्सने दोन्ही हात टेकून जोर लावला.

"हळू ढकल गं!" मास्तर ओरडले. "उतार आहे तिकडे!"

"कळतं हो, सर!" म्हणत तिने गाडी सरकवली आणि गेली.

मास्तरांनी फेस धुतला. मग दोन बादल्या घेतल्या: एक साबणाची, एक साध्या पाण्याची. लोकरीचा मोजा हातात चढवून वरून खाली, सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवला. प्रत्येक खेपेला मोजा साध्या पाण्यात बुचकळला. खालचा भाग अगदी शेवटी. पुसताना टॉवेल ओढला नाही. नुसता अंगावर पसरला आणि उचलला.

"नातवालाही इतक्या मायेनं पुसलं नसेल तुम्ही," योम म्हणाला.

"नातू वळवळतो."

कमिटी आली. चेअरमन पुढे, त्यांच्या मागे प्योबाई, हातात टॉर्च. ऊन लख्ख होतं, तरी टॉर्च. बाईंनी बंपर पाहिले, दारं पाहिली, गुडघे टेकून खालची बाजूही पाहिली. निळी गाडी नवरीसारखी उभी होती.

"खांबाचा पोचा तेवढा दिसतोय," त्या शेवटी म्हणाल्या.

"तो खांबाचा आहे. खांबाची तक्रार असेल तर सांगा."

"माझ्या गाडीचा पांढरा रंग कुठं दिसत नाही."

"धुण्यात गेला म्हणाल."

"छे. ही पद्धत मी वरून खिडकीतून बघितली आहे. नुसती धूळ जाते. धुळीखालचं जे असेल ते तसंच राहतं." प्योबाई कंबरेत वाकल्या. "चुकलं माझं, मास्तर. सगळ्यांदेखत बोलले, सगळ्यांदेखत माफी मागते."

मास्तरही वाकले. चेअरमननी तिथूनच मास्तरांच्या मुलाला फोन लावला आणि त्याच्या वडिलांसारखा जबाबदार चालक शोधून सापडायचा नाही, असं खणखणीत सांगितलं. लायसन्स वाचलं.

मास्तर नळी गुंडाळू लागले.

"थांबा, थांबा!" प्योबाईंना हुरूप आला होता. "हे सगळ्यांनी शिकायला हवं. चेअरमनसाहेब, तुमचीच गाडी घ्या ना. काळी आहे, लगेच फरक दिसेल."

"मास्तर दमले असतील," चेअरमन संकोचले.

"हो, जरा दमलोच," मास्तर म्हणाले. "आणि पाणीही फार गेलं."

"पाणी मुबलक आहे!" योमने बादल्या उचलल्या.

सगळी वरात चेअरमनसाहेबांच्या गाडीशी गेली. प्योबाई टॉर्च घेऊन मागच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथूनच करा सुरुवात, इथं धूळ जास्त आहे."

मास्तरांनी नळी धरली आणि मंगळवारी तळ्यावर जायला ढकलून वाट करताना आपल्याच हातून सुटून ही गाडी उतारावरून मागे घरंगळली, तेव्हा तिचा बंपर प्योबाईंच्या दाराला नेमक्या किती उंचीवर लागला होता ते आठवून, धार त्या उंचीच्या बरीच वर सोडली.