ठिपका
हरणाबाईचा नवरा धुळा मोबाइलवर लाइव्ह लोकेशन टाकायला शिकला आणि त्यांच्या मेंढरांच्या धंद्याला बरकत आली. कुणाच्याही रानात बिऱ्हाड हलवलं, तरी मोबाइलवरचा ठिपका सोबत सरकायचा आणि गिऱ्हाइकं त्यामागं थेट मेंढरांपाशी येऊन गाडी उभी करायची. आटपाडीच्या बाजारात दिवसभर ताटकळायचं आणि दलालाची मनधरणी करायची, ते सगळं सुटलं.

आज दुपारी आलेल्या दोघांनी मात्र काहीच घेतलं नाही. कळपातल्या लाखमोलाच्या माडग्याळी मेंढ्याचे फोटो काढले, परक्या माणसावर तुटून पडणाऱ्या कुत्र्यांना चुचकारत पुडाभर बिस्किटं चारली आणि "येतो परत," म्हणून गेले.

"मेंढ्याला बघितलं कमी आन् कुत्र्यांस्नी चारलं लय," हरणाबाई म्हणाली. "आवं, दिस मावळायच्या आत हितनं हलू."

"किती भ्यायचं गं ते!" धुळा हसला, पण तिच्यापुढं त्याचं काही चाललं नाही. दोघांनी कळप ओढ्यापलीकडच्या रानात नेला आणि मेंढरांभोवती जाळी लावली. उजेड दिसायला नको म्हणून हरणाबाईनं चूलसुद्धा पेटवली नाही.

तेवढ्यात धुळाचा मोबाइल वाजला. दुपारच्याच माणसाचा आवाज तिलाही स्पष्ट ऐकू आला.

"पाव्हणं, जागा का बदलली? आधीची बरी हुती की."

हरणाबाईनं घाबरून कुत्र्यांना हाक मारली. पण कुत्री न भुंकता, शेपट्या हलवत ओढ्याकडं पळत सुटली होती.