बिन आणि कोम

"सगळी नावं मोठ्यानं वाचा," केराबाईनं सांगितलं आणि दप्तरखान्याच्या फरशीवर मांडी घालून ती ठाण मांडून बसली.

विरुपाक्ष हत्तुरे हा सोलापुरातल्या त्या कचेरीत मोडी वाचणारा शेवटचा माणूस. बाकीच्यांना मोडी म्हणजे कागदावर मुंग्या. त्यामुळं हत्तुऱ्यांना भाव होता आणि ते तो मनापासून खात. त्यांनी केराबाईला समजावून बघितलं की आजी, ही तुमची तिसरी खेप. तुमच्या गावच्या मोजणीची शंभर वर्षांपूर्वीची वही मी दोनदा पालथी घातली, त्यात बिरप्पा धनगर नाही म्हणजे नाही. केराबाई जागची हलली नाही. तिचा थोरला ल्योक हरिबा, चांगला चाळिशीचा गडी, दाराशी पटका मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं कधीच हात टेकले होते.

भानगड अशी होती. भीमेवर उजनीचं धरण उठत होतं आणि काठची गावं पाण्याखाली जाणार होती. ज्याचं रान बुडेल त्याला दुसरीकडं रान मिळणार. पण केराबाईचं नऊ एकर रान गावच्या कागदात गायरान निघालं, म्हणजे गावच्या गुरांची चरायची जागा. मागं कधीतरी चावडी जळाली होती, आणि नवी वही करताना कुणीतरी तसं ठोकून दिलं होतं. मग गावातली तोंडं सुटली. मेंढरं हाकत कानडी मुलखातून आलेली ही माणसं, उपरी, यांचं कसलं आलंय रान? धरणाचा साहेब त्यातल्या त्यात बरा. तो म्हणाला, जुन्या कागदात तुमच्या घरातलं नाव दाखवा आणि तिथून तुमच्यापर्यंतची वंशावळ आणा. यादी उद्या बंद होणार होती.

शोधायचं ते बिरप्पाचं नाव, यात कुणाला शंका नव्हती. दोन-तीन वर्षांतून एकदा बैलावर बसून हेळवी यायचा, घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचा आणि पायलीभर जोंधळे घेऊन जायचा. त्याच्या म्हणण्यात पहिला बिरप्पा, त्याचा सिदू, सिदूचा भिवा आणि भिवाचा धुळा. धुळा म्हणजे केराबाईचा नवरा. पिढ्या म्हणणं हाच ज्याचा धंदा, तो चुकेल कसा?

हत्तुऱ्यांनी सुस्कारा सोडला आणि वाचायला घेतलं. शरणप्पा बिन बसलिंगप्पा. नागू बिन सटवा. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढं आता हरिबालाही कळू लागलं होतं. केराबाईनं डोळे मिटून घेतले होते. म्हातारीला डुलकी लागली असं त्याला वाटलं. हत्तुरे भरभर वाचत होते, मध्येच कुठं तरी थबकत होते आणि पुढच्या नावावर जात होते. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा केराबाईनं डोळे उघडले आणि मधलं नाव का गिळलं म्हणून विचारलं.

ते बाईचं आहे, हत्तुरे म्हणाले. बाईच्या नावापुढं बिन नसतो, कोम असतो, म्हणजे अमक्याची बायको. नवरा गेला की बाईचं नाव लागायचं, पुढं जमीन दिराकडं नाही तर पुतण्याकडं जायची. वारस शोधताना कोम आला की सोडायचा, असं त्यांना त्यांच्या वरच्या माणसानं शिकवलं होतं आणि बावीस वर्षं ते तसंच करत आले होते.

"मी सगळी म्हनले हुते," केराबाई म्हणाली. "कळप मोजताना निस्तं एडकंच मोजत्यात व्हय?"

हत्तुरे वरमले. ते मुकाट्यानं पहिल्या पानावर गेले आणि आता सावकाश, एकेक नाव वाचू लागले. आठव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"मायाक्का कोम बिरप्पा. जात धनगर. नऊ एकर. वहिवाट खुद्द."

केराबाईनं ते परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. खुद्द म्हंजी काय, हरिबानं विचारलं. खुद्द म्हणजे स्वतः, हत्तुऱ्यांनी सांगितलं. ते रान मायाक्का स्वतः कसत होती. हरिबानं कपाळावर हात मारून घेतला. लहानपणापासून त्यानं ऐकलं होतं की बिरप्पा भीमा ओलांडायच्या आधीच तापानं वाटेत गेला आणि सिदूला पाठीशी बांधून मायाक्काच मेंढरं घेऊन हितवर आली. घरातल्या पोरासोरांना ते ठाऊक होतं. पण कागद म्हटल्यावर सगळ्यांना बाप्याचंच नाव आठवलं. हरिबा हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हत्तुऱ्यांना तर असा आनंद झाला की त्यांनी शिपायाला स्वतः चहा सांगितला, आणि हे त्या कचेरीत आक्रीतच होतं.

मग त्यांनी वंशावळीचा छापील कागद पुढं ओढला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, 'मूळ पुरुष' असं छापलेलं होतं. हरिबा म्हणाला, बिरप्पा लिव्हा, हेळव्याच्या म्हणण्यातबी तोच पयला हाय. हत्तुऱ्यांनी टाक दौतीत बुडवला. केराबाईनं कागदावर हात आडवा ठेवला.

"बिरप्पानं ह्ये रान बघितलंबी न्हाय. मायाक्काचं नाव लिव्हा."

"पण आजी, इथं पुरुष छापलंय."

"मग तेवढं खोडा की."