ऋजुताची कादंबरी

वाचणाऱ्याचा हात ओळखून बदलणाऱ्या कादंबऱ्यांवर वृंदाचा मुळीच विश्वास नव्हता. ऋजुता क्लासला गेल्यावर तिने लेकीची कादंबरी उघडली. नायिका मेडिकलचा अभ्यास करत होती, आईला सगळं सांगत होती. वृंदाला संशय आला. असलं वाचून ऋजुता काल रडली कशाला?

संध्याकाळी ती लेकीला म्हणाली, “मला वाचून दाखव.”

ऋजुताने पुस्तक घेताच अक्षरं हलली. ती अडखळत वाचू लागली. नायिकेने क्लास केव्हाच सोडला होता. ती रोज गॅरेजमध्ये इंजिनं खोलायला शिकत होती.

“आणि तिची आई काय म्हणाली?”

“ते पान अजून कोरंच आहे.”

वृंदाने पुस्तक मिटलं. “चल, मला ते गॅरेज दाखव.”

आई रागावलीय की नाही, हे तिच्या आवाजावरून ऋजुताला कळेना.