चोमिनची अर्धी होडी

"पावणेदोन होड्या मागे!" चोमिन ओरडला.

तेरा वल्ही एकदम पाण्यात गेली. जांभळी होडी झेपावली, लाटेवर चढली आणि धप्पकन खाली बसली. शेजारच्या पट्ट्यातली पिवळी होडी पुढेच होती.

वल्हेकरी पाठीमागे तोंड करून बसतात. त्यांना दोनच गोष्टी दिसतात, मागे पडलेलं पाणी आणि सुकाणू धरणाऱ्या तांडेलाचा चेहरा. आज मागचं पाणी रिकामं होतं. म्हणजे आपण शेवटचे, हे तेराही जणांना कळत होतं. मुंदारा गावाची पिवळी होडी किती होड्यांच्या लांबीने पुढे आहे, हे मात्र पुढे तोंड असलेल्या तांडेलाला, एकट्या चोमिनला दिसत होतं. तिला मागे टाकलं तर त्यांच्या इत्साल्दे गावाची जांभळी होडी वरच्या गटात टिकणार होती. नाही तर खालच्या गटात. आणि खाली गेलेल्या होडीला पुन्हा माणसं मिळत नाहीत, हे सगळा किनारा जाणतो.

तांडेलाने खोटं बोलायचंच असतं. चार होड्यांचं अंतर असलं तरी "अर्धीच राहिली रे!" म्हणायचं, की दमलेल्या हातांत जोर येतो. चोमिन त्यात असा वस्ताद, की गावात त्याची म्हणच पडली होती. भट्टीवाल्याला विचारावं, पाव झाले का? तो म्हणायचा, "होतायत, चोमिनची अर्धी होडी!" म्हणजे तासभर तरी बसा. वल्हेकरी इबोनची आई पोराच्या लग्नाबद्दल विचारलं की हेच सांगायची. शर्यतीत ती हाळी आली की टोकाला बसणारा उर्को घोड्यासारखा खिंकाळायचा, आणि सगळे हसत हसत जीव तोडून वल्हवायचे.

सकाळी होड्यांच्या शेडमध्ये मंडळाची अध्यक्ष गार्बिन्ये हिने चोमिनला बाजूला घेतलं होतं.

"काल बैठक झाली. पुढच्या वर्षीपासून आपण मुंदारात सामील. होडी त्यांची, रंगही त्यांचा."

"आज त्यांना हरवलं तर?"

"तरीही. माशांचा कारखाना बंद झाल्यापासून गावात पोरं राहिलीत कुठे? पुढच्या साली सातच उरतात. सात जणांत होडी हलते का, तूच सांग."

"आणि आपली होडी?"

गार्बिन्येने नजर चुकवली. "वेशीवरच्या चौकात ठेवू म्हणतायत. आत माती भरून. फुलझाडं लावायला."

चोमिनने होडीच्या कडेवरून हात फिरवला. जांभळा रंग त्याने स्वतः वसंतात दिला होता.

"पोरांना जेवणं झाल्यावर सांगू," ती म्हणाली. "तोवर चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस. तुझंच तोंड बघत बसणार आहेत ती."

चोमिनने काळा चष्मा चढवला. चेहरा दगडासारखा केला. तो शर्यतभर तसाच ठेवणं त्याला जमलंही. पण पहिली हाळी द्यायला तोंड उघडलं आणि जुनं खोटं बाहेरच येईना. खोटं बोलायलाही पुढे काहीतरी असावं लागतं. मग तो जे दिसेल तेच सांगत गेला. दोन होड्या. पावणेदोन. कुणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

वळण घ्यायचा शेवटचा तरंगता बोया आला.

"डावे रोखा! उजवे ओढा!"

होडी गर्रकन फिरली. आता समोर धक्का होता, माणसांनी काळा झालेला.

"सव्वा!"

इबोन त्याच्या अगदी समोर बसला होता, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. त्याच्याच तालावर बाकीचे वल्हवत. त्याचा ओठ दातांखाली फुटला होता. डोळे चोमिनच्या तोंडावरून हलत नव्हते. चोमिनने काहीच न सांगता त्याने ताल वाढवला.

"एक!"

कुणीतरी कण्हलं. वल्हं कुणाचंच चुकलं नाही.

"पाऊण!... अर्धी!"

या वेळी ती खरोखरच अर्धी होती. उर्को खिंकाळला नाही. कुणीच हसलं नाही.

मग मागच्या रिकाम्या पाण्यावर, वल्हेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर, पिवळा रंग सरकत आला. आधी मुंदाराचा तांडेल दिसला, मग त्याची माणसं, एकामागून एक. भोंगा वाजला, तेव्हा जांभळी होडी वल्ह्याच्या पात्याएवढी पुढे होती.

धक्क्यावर ढोल सुरू झाले. मासेमारीच्या बोटींनी भोंगे दिले. जांभळे रुमाल उडाले. "टिकलो! टिकलो!" म्हणून म्हातारीकोतारी नाचू लागली. त्या गर्दीत गार्बिन्ये तेवढी समुद्राकडे पाठ करून उभी होती.

होडीत मात्र आवाज नव्हता. वल्ही पाण्यावर लोळत होती.

"अरे, ओरडा की!" चोमिन म्हणाला. "वाचलो आपण!"

आजचं त्याचं हे पहिलं खोटं होतं.

"राहू दे, तांडेल," इबोन धापा टाकत म्हणाला. "तू पावणेदोन म्हणालास ना, तेव्हाच कळलं आम्हाला. इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून 'अर्धी'शिवाय दुसरं काही कधी ऐकलंय? संपलंय ना सगळं?"

चोमिनने चष्मा काढला. तेरा तोंडं त्याच्याकडे बघत होती. त्याने मान हलवली.

"मग मरेस्तोवर वल्हवलंत कशाला?"

इबोनने ओठावरचं रक्त मनगटाने पुसलं.

"आजवर कितीही ओढलं तरी तुझी ती अर्धी होडी काही संपायची नाही. आज पहिल्यांदा खरं अंतर मिळालं. म्हटलं, एकदा तरी संपवून बघू."