काविळीची माळ

डॉक्टर, माझ्या भाचीला, मितालीला, तुमच्या कात्रीनं मारलं. लेकीला कावीळ झाली तशी माझ्या बहिणीनं, कुंदाताईनं, वैदूची झाडपाल्याची माळ तिच्या गळ्यात घातली. कावीळ उतरते तशी माळ लांबते, मधेच तोडायची नसते, म्हणे. मी रोज मागं लागलो. "माळ राहू दे, ताई, पण दवाखान्यात चाल." तेव्हा कुठं ती दारव्ह्याला तुमच्याकडं आली. आणि तुम्ही भर रांगेत ओरडले, "पोरगी हाय का पोळ्याचा बैल? गवत कायले बांधलं?" लोक हसले. तुम्ही माळ कापून कचऱ्यात टाकली. ताई म्हणाली, "आता कावीळ डोक्यात चढन!" पोरीला उचलून ती नव्या माळेसाठी वैदूकडं पळाली, माझंही ऐकलं नाही. त्याच आठवड्यात मिताली गेली. माळ थोतांडच, मान्य. पण गळ्यात माळ असली तर हाताला सलाइन लागत नाही काय? बोला.