तासाभराचं उत्तर

"मार्गारेट, तुम्ही जरा बाकड्यावर बसा हं," नर्स दिव्या म्हणाली.

बाकड्यावर बसायचं म्हणजे काय, हे शाळेच्या पडवीतल्या बायकांना एव्हाना कळून चुकलं होतं. 'घरी जा' म्हणजे काही निघालं नाही. 'बाकड्यावर बसा' म्हणजे निघालं. मार्गारेट बसली. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या आणि लगेच दुसरीकडे गेल्या, हे मान खाली असूनही तिला समजलं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होण्याआधीच रोखावा म्हणून हे शिबिर होतं. मागच्या खेपेला नमुन्यांच्या नळ्या मुंबईला गेल्या होत्या आणि उत्तरं दोन-तीन आठवड्यांनी फोनवर आली होती. ज्यांना परत बोलावलं त्यांतल्या निम्म्या फिरकल्याच नाहीत. यंदा डॉ. विनीता एक लहानसं यंत्रच घेऊन आल्या होत्या. ज्यातून हा कर्करोग होऊ शकतो तो विषाणू अंगात आहे की नाही, हे ते तासाभरात सांगायचं. निघालाच तर लगेच आतल्या खोलीत तपासणी, गरज वाटली तर बिघडलेल्या पेशी जाळून टाकणारा थोडा शेक, आणि बाई संध्याकाळच्या भाकऱ्या थापायला मोकळी. दोन्हींतली कुठली पद्धत सरस, हे डॉक्टरांना पडताळून पाहायचं होतं. वीज गेली तर काय, याचासुद्धा त्यांनी विचार केला होता. बाकड्याचा मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

"हा विषाणू म्हणजे कर्करोग नव्हे, आणि कुणाचं पाप तर मुळीच नव्हे," त्यांनी सकाळी बजावून सांगितलं होतं. पण तो शरीरसंबंधातून येतो, हेही सांगितलं होतं, आणि गाव नेमकं तेवढंच लक्षात ठेवणार होतं. मार्गारेटचा नवरा लिनो बोटीवर. नाताळाला घरी यायचा होता. तोवर लोक एक तर त्याचं नाव घेणार, नाहीतर तिचं.

"काशीबाई, काही नाही हो. घरी जा," दिव्या म्हणाली.

काशीबाई बंदरावर मासळी विकायची. तिच्या कानावर पडलेली गोष्ट तिच्या मासळीच्या आधी गावभर पोचायची. शेक गेला खड्ड्यात, असं म्हणून मार्गारेटने छत्री उचलली आणि ती उठली.

"खंय चललंस गो?" काशीबाईने विचारलं.

"घराक. फुडच्या खेपेक येतंय."

काशीबाईने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. मग, कधी नव्हे ते, हळू आवाजात बोलली.

"गेल्या खेपेक माज्या भक्तीचो नमुनो मुंबयक गेल्लो. उत्तर फोनार इला. कोणाक कळूक नाय. भक्तीन पण कोणाक सांगल्यान नाय, माका सुद्धा नाय. आता म्हयन्यातून दोनदा तेका गोव्याच्या हॉस्पिटलात न्हेतंव."

भक्ती ही तिची सून. ती माहेरी, पिंगुळीला गेली आहे, असं गावभर काशीबाईनेच सांगितलं होतं.

"अँजेला!" काशीबाई एकदम नेहमीच्या आवाजात ओरडली. अँजेलाला नुकतंच 'घरी जा' म्हटलं होतं आणि ती चपला शोधत होती. "घराक जाऊन काय करतलंस? बस हयसर."

काशीबाई बसली आहे म्हणजे काहीतरी ऐकण्यासारखं असणार, म्हणून अँजेला बसली. ती बसली म्हणून तिची जाऊ बसली. मग ज्या-ज्या मोकळ्या झाल्या त्या एकेक करून येऊन टेकल्या. बाकडं भरलं, तशा दोघी-तिघी खाली जमिनीवर बसल्या. मार्गारेटने छत्री बाकड्याखाली ठेवली.

डॉ. विनीता बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"एवढ्या जणी? दिव्या, मशीन बिघडलं की काय?"

डॉक्टर बाकड्यावरच्या बायका मोजू लागल्या.

"मशीन बरा आसा तुमचा," काशीबाई पदर खोचत उठली. "फुडच्या खेपेक बाकडा तेवढा लांब घेवन येवा."

आणि स्वतःचं काही निघालं नसतानाही, सगळ्यांच्या आधी तीच तपासणीच्या खोलीत गेली.