काकांची हवा

“हवा सोडायची नाही,” वैद्यकाकू स्कूटरच्या पुढच्या टायरवर हात ठेवून म्हणाल्या.

टायर भेगाळला होता, बदलायलाच हवा होता. मेकॅनिक पाना घेऊन खोळंबला होता. पण काका गेले त्या सकाळी त्यांनीच पायपंपाने त्यात हवा भरली होती.

“आई, ती पंपातली हवा आहे,” मुलगा वैतागला.

“पंप कोणी मारला?”

“फुग्यात काढून देऊ का?” मेकॅनिकने विचारलं.

“फुगा दोन दिवसांत बसतो.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारीण, टायर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मी खरं तेच सांगितलं. आतल्या हवेतला थोडा प्राणवायू रबराशी कायमचा जोडला जातो, त्यामुळेच रबर कडक होत जातं.

“काकांनी भरलेल्यातला?”

“त्यातलाही.”

“परत निघत नाही?”

“नाही.”

काकूंनी हात उचलला. “सोडा मग उरलेली.”

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, तर काकांच्या फोटोवरचा चंदनाचा हार भिंतीवर टांगलेल्या जुन्या टायरला होता. मुलगा फोटो धरून उभा होता.

“हा कुठे ठेवू, आई?”

“ठेव कुठेही,” काकू म्हणाल्या. “त्यात त्यांचं काय आहे?”